मोजू या जमीन (भाग ७) : ठिपक्याच्या पुढचे गुंठे

गेल्या आठवड्यात आपण गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या मोजणीपाशी थांबलो होतो. त्या मोजणीनंतर बिघे मागे पडले आणि एकर-गुंठे रुळले. दशमान पद्धत आल्यावर सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, पण बोलण्यात आणि जुन्या खरेदीखतांत एकर-गुंठेच राहिले. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते आज पाहू.

मोजणीची गुंटर साखळी ६६ फुटांची. तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांचा चौरस तो गुंठा : १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर : ४३,५६० चौरस फूट. दुसरीकडे १० बाय १० मीटरचा चौरस म्हणजे आर आणि १०० आरांचा एक हेक्टर. गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर, आर बरोबर १००. इतक्या जवळच्या मापांमुळे ‘गुंठा काय नि आर काय, एकच’ असं सर्रास म्हटलं जातं. एकराला हा फरक सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या थोडा वर जातो. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यात एक लहान घर बसतं.

तरी खरा घोळ या फरकाने होत नाही, ठिपक्याने होतो. जुन्या कागदावर ‘३.२५’ दिसलं की आजचा वाचक सव्वातीन एकर समजतो. लिहिणाऱ्याला म्हणायचे असतात ३ एकर २५ गुंठे. सव्वातीन एकरांचे गुंठे होतात १३० आणि कागदावरचे आहेत १४५. वाचण्यातच १५ गुंठे गेले! ‘१.२०’ म्हणजे तर चक्क दीड एकर. इथे ठिपक्यापुढचा आकडा ३९ च्या वर जात नाही. चाळिसावा गुंठा आला की एकर वाढतो. उलट बाजूनेही तेच. एका हेक्टरचे कॅल्क्युलेटरवर २.४७ एकर येतात. ते २ एकर ४७ गुंठे नव्हेत, २ एकर आणि जेमतेम १९ गुंठे.

म्हणून एक शिस्त पाळावी : आधी सगळ्याचे गुंठे करायचे. ३ गुणिले ४० अधिक २५, झाले १४५. त्याला १०१.१७ ने गुणलं की सुमारे १४,६७० चौरस मीटर. आता उजवीकडून दोन-दोन अंक तोडा : ७० चौरस मीटर, ४६ आर, १ हेक्टर. सातबाऱ्यावर हेच १.४६.७० असं दिसेल. सातबाऱ्यावरून एकरांत जायचं तर सर्व अंक सलग चौरस मीटर म्हणून वाचा, १०१.१७ ने भागा आणि आलेल्या गुंठ्यांना ४० ने भागा. भागाकार एकर, बाकी गुंठे. ०.८१.०० चे ८,१०० चौरस मीटर, म्हणजे ८० गुंठे, दोन एकर.

ताळा करताना सातबाऱ्यावरचं लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज घ्यावी. नुसतं लागवडीचं क्षेत्र जुन्या खरेदीखतातल्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहिलं, तर जमीन कमी झाल्याचा भास होतो. एवढं करूनही गुंठे आणि आर यांच्या आकड्यांत शेकडा एक-सव्वाहून जास्त तफावत राहिली, तर गुणाकार पुन्हा करण्याआधी ठिपका पुन्हा वाचा. तिथेही चूक सापडली नाही, तर मात्र फेरफार नोंदी काढून पाहायला हव्यात. मधल्या काळातली विक्री, वाटणी किंवा भूसंपादन तिथे सापडेल.

पुढच्या भागात शिवकाळातली काठी, बिघा आणि चावर.