डोळ्याची खोबण

विटीदांडूच्या डावात उडालेली विटी तोंडाकडे आली, तर डोळ्याला आधार कोणाचा? पापणीचा म्हणावा, तर ती फार तर मिटेल. खरा आधार भुवई, गाल व नाक यांनी वेढलेल्या हाडांच्या कडेचा. तिच्या आत डोळ्याची खोबण असते. शास्त्रकार तिला नेत्रकोटर म्हणतात. आम्हांस खोबण हाच शब्द अधिक बोलका वाटतो.

७ हाडे मिळून ही खोबण बनते. तिचे तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद असून आत ती निमुळती होत जाते. तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा असते, पैकी बुबुळासह सारा नेत्रगोल जेमतेम ७ मिलिलिटर व्यापतो. उरलेल्या जागेत चरबीची गादी, डोळा फिरविणारे ६ स्नायू, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस.

कड बळकट, पण आतील भिंत व तळ कमालीचे पातळ. नाकाकडील भिंतीच्या लॅटिन नावाचा अर्थच 'कागदी पत्रा' असा आहे! तळाखाली गालाच्या हाडातील पोकळी असते. १९५७ साली स्मिथ व रीगन या शस्त्रवैद्यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला, तेव्हा कड शाबूत राहिली आणि तळ मात्र खाली फुटला. असा तळ फुटला म्हणजे चरबी व स्नायू फटीत उतरतात, एका वस्तूच्या दोन दिसू लागतात आणि गाल बधिर होतो, कारण गालाची नस त्या तळातूनच जाते. अशा वेळी नाक जोराने शिंकरल्यास हवा खोबणीत शिरते.

क्रिकेटचा चेंडू सुमारे ७ सेंटिमीटर जाडीचा, म्हणून त्याचा पुष्कळसा मार कडेवर बसतो. विटी, जिला आमचे कन्नडभाषक शेजारी चिन्नी म्हणतात, ती लहान व टोकदार. ती थेट नेत्रगोलावर येते. डोळ्यात काही रुतले असेल तर ते उपटू नये, डोळा दाबू नये. वर वाटी धरून निपाणीकरांनी कोल्हापूर वा बेळगाव, जे आधी गाठता येईल, तेथील नेत्रवैद्याकडे जावे.

मुलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचे हाड लवचिक असल्याने तळ चिरतो आणि झडपेसारखा पुन्हा मिटतो. स्नायू त्यात चिमटला जातो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूजही नाही, पण वर पाहता येत नाही. मळमळ, वांती होते, नाडी मंदावते. वडीलमंडळी पित्त समजून लिंबूसरबत देत बसतात. इकडे चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत असतो, आणि शस्त्रवैद्य तो एक-दोन दिवसांतच सोडवू पाहतात.