हाताचे हाड मोडले, भरपाई किती? आकडा ठरतो तुमच्या कामावरून

दुचाकीला धडक बसली की पडताना माणूस आपसूक हात टेकतो. म्हणूनच अशा अपघातांत कोपर ते मनगट या भागातली रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे वरचेवर मोडतात. प्लेट आणि स्क्रू बसतात, काही महिन्यांनी हाड जुळते आणि दावा केला की विमा कंपनीचा वकील विचारतो, आता नुकसान कसले?

नुकसान हाडाच्या नव्हे, हाताच्या कामाचे असते. या दोन हाडांपैकी रेडियस अल्नाभोवती फिरते म्हणून तळहात उताणा-पालथा होतो. ती नीट जुळली नाहीत तर पाना फिरवणे, पोळी लाटणे, सुतारकाम अशी कामे जड जातात. ऑफिसात बसणाऱ्याचा पगार कदाचित सुरू राहील. मेकॅनिकचे गिऱ्हाईक मात्र तुटते.

प्रमाणपत्रातला टक्का आणि कोर्टातला टक्का

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मधील एका निकालात हाच फरक स्पष्ट केला. अपघातात जखमीच्या डाव्या पायाची दोन्ही हाडे आणि डाव्या हाताचे रेडियस मोडले होते. प्रमाणपत्र ४५ टक्के अपंगत्वाचे होते, पण न्यायालयाने कमाईच्या क्षमतेतील घट २० टक्केच धरली. उलटही होऊ शकते. हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, हे याच निकालात म्हटले आहे. एका हाताचे अपंगत्व आणि संपूर्ण शरीराचे अपंगत्व यांचे आकडेही वेगळे असतात. प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

समजा, ३० वर्षांच्या मेकॅनिकची कमाई महिना २० हजार आहे आणि क्षमता २० टक्क्यांनी घटली. वर्षाचे नुकसान ४८ हजार. या वयाला गुणक १७, म्हणजे ८ लाख १६ हजार रुपये. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदनांची भरपाई यावर वेगळी. टक्का १० वर आला की मुख्य रक्कम थेट निम्मी होते. सगळी लढाई या एका आकड्याची आहे.

तो सिद्ध करायला ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांची साक्ष वजनदार ठरते. तयार मिळणाऱ्या प्रमाणपत्रांकडे न्यायालये संशयाने पाहतात. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, बँक पासबुक, दुकानाचा परवाना जपून ठेवावा. गृहिणीला उत्पन्न नाही म्हणून तिच्या श्रमाची किंमत शून्य धरता येत नाही. न्यायालये तिचे काल्पनिक उत्पन्न धरतात.

चूक तुमचीही होती का?

जखमीचाही दोष असेल तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. मात्र नियम मोडला म्हणून आपोआप कपात होत नाही. ट्रिपल सीट असणे एवढ्यावरून दोष ठरत नाही, त्याचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. हेल्मेट नव्हते म्हणून हाताच्या हाडाची भरपाई कापा, असा युक्तिवाद झाला तर हेच सूत्र उपयोगी पडेल.

अर्ज कुठे, कधीपर्यंत?

अपघात झाला तेथील, जखमी राहतो तेथील किंवा प्रतिवादी राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत आधीच मिळवावी. १ एप्रिल २०२२ पासून मुदत सहा महिन्यांची आहे. या तरतुदीला आव्हान दिलेले असून, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो अंतिम निकाल नाही. सहा महिन्यांच्या आत अर्ज करणेच शहाणपणाचे.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर? कायद्यात हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे आणि ‘हिट अँड रन’ योजनेत तिला ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज कोर्टात नव्हे, प्रांताधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो.