कातळावरची साठ वर्षं

१९६३च्या जून महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मक्कॉ उपसागराच्या काठी, रॉबर्ट पेन या तरुण प्राणिशास्त्रज्ञांनी दिसायला अगदी साधं काम सुरू केलं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळाचा सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंच पट्टा त्यांनी निवडला. त्याला चिकटलेले जांभळे-केशरी तारामासे पहारीने उचकटले आणि खोल पाण्यात भिरकावून दिले. शेजारच्या तशाच पट्ट्याला हात लावला नाही. मग वर्षानुवर्षं ते तिथे जात राहिले, नव्याने आलेले तारामासे काढत राहिले आणि कोण उरतं ते मोजत राहिले. सागरी परिसंस्था समजून घेण्याच्या इतिहासात इतक्या थोड्या साधनांत इतकं मोठं काम क्वचितच झालं असेल.

समुद्रकाठी कोण कुठे राहील हे पाणी, ऊन, खारेपणा आणि लाटा ठरवतात, अशी तोवरची मुख्य समजूत होती. ती खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेला अर्धा भाग दाखवायला जोसेफ कॉनेल यांनी आधीच सुरुवात केली होती. स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर १९५०च्या दशकात त्यांनी खडकाला चिकटून जगणाऱ्या बार्नेकलच्या दोन जातींवर पाळत ठेवली. एक जात खडकाच्या वरच्या अंगाला, दुसरी खाली. वरच्या जातीची पिल्लं खालीही येऊन बसत, पण टिकत नसत. कॉनेल यांनी काही जागी खालची जात खरवडून काढली, तेव्हा ही पिल्लं तिथेही नीट वाढली. खालची जागा त्यांना मानवत नव्हती असं नव्हतं. झपाट्याने वाढणारे शेजारी त्यांना चिरडत होते, बुडाखाली घुसून उखडत होते. उलट खालची जात वर गेली की ओहोटीच्या उन्हात सुकून मरत होती. वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची शेजारी, हा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे हर्णैपासून मालवणपर्यंतच्या कातळांवर उधाणाच्या ओहोटीला असेच पट्टे दिसतात: वर बारीक गोगलगायी आणि बार्नेकल, मग कालवं, त्याखाली शेवाळ. कालवं फोडायला जाणाऱ्या बायकांना कुठल्या उंचीवर काय मिळेल हे भांग-उधाणाच्या हिशोबाने पाठ असतं.

पेन यांच्या कातळावर शिंपल्यांची खालची हद्द राखत होता तारामासा. त्याची शिकार पाहण्यासारखी असते. शेकडो नळीसारख्या पायांनी तो शिंपलीला कवटाळतो, दोन्ही शिंपांत जेमतेम फट पडेपर्यंत खेचत राहतो आणि त्या फटीतून स्वतःचं जठरच आत सोडतो. शिंपली तिच्या घरातच पचवली जाते. मात्र फार वेळ कोरड्यात राहणं त्याला झेपत नाही, म्हणून वरच्या शिंपल्या वाचतात. तारामासे काढल्यावर आधी बार्नेकल पसरले, मग शिंपल्या खाली सरकत आल्या आणि त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं. सुरुवातीला १५ प्रजाती होत्या, त्या ८वर आल्या. शेजारचा पट्टा होता तसाच राहिला. शिकारी गेल्यावर भक्ष्यांचं भलं व्हायला हवं होतं. झालं ते एकाच भक्ष्याचं, बाकीच्यांना जागाच उरली नाही. १९६६ साली या प्रयोगावरचा निबंध छापून आला. १९६९मध्ये पेन यांनी अशा जिवांना कीस्टोन प्रजाती म्हटलं, कमानीच्या माथ्यावरच्या दगडावरून.

त्यांचाच धागा जेम्स एस्टेस यांनी पाण्याखाली नेला. अलास्काच्या अल्युशियन बेटांवर केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची जंगलं पाणमांजरांना कशी पोसतात, हे पाहायला ते गेले होते. १९७१ साली पेन यांनी त्यांना प्रश्न उलटा करायला सुचवलं: पाणमांजरं केल्पचं काय करतात? फरसाठी पाणमांजरांची जवळजवळ कत्तल झाली होती. शिकारीला आळा घालणाऱ्या १९११च्या करारानंतर ती काही बेटांवर सावरली, काहींवर नाही. अमचिटकाभोवती पाणमांजरं होती आणि केल्पही होतं. शेम्याभोवती दोन्ही नव्हतं, तळावर नुसते काटेरी सी-अर्चिन पसरले होते. पाणमांजर अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातो. हे १९७४मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढे कीस्टोन हा शब्द स्वस्त झाला. जो तो आपल्या लाडक्या प्राण्याला तो बहाल करू लागला. पण त्याच तारामाशाचा प्रभाव लाटांचा मारा असलेल्या कातळावर प्रबळ आणि आडोशाच्या जागी दुबळा असतो, हे ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या कामातून १९९०च्या दशकात दिसलं. मला ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. नियम जागेसकट सांगावा लागतो, आणि जागा कळायला तिथे बसून राहावं लागतं. मकाह जमातीच्या परवानगीने पेन त्याच किनाऱ्याजवळच्या टाटूश बेटावर कित्येक दशकं जात राहिले, त्यांच्यानंतर त्यांचे विद्यार्थी जातात. सर्वेक्षण करून प्रजातींची यादी लावणं गरजेचंच आहे, पण कोण कुणाला आवरतंय हे यादी सांगत नाही.

२०१३पासून मेक्सिको ते अलास्का तारामासे झडू लागले. हात गळत, शरीर विरघळत. वीसहून अधिक जातींना हा रोग लागला. सर्वाधिक फटका बसला तो मीटरभर रुंद, चोवीसपर्यंत हात असलेल्या सूर्यफूल तारामाशाला. नव्वद टक्क्यांहून जास्त गेले. पाठोपाठ सागरी उष्णतेची लाट आली. अर्चिन खाणारा गेला, उबदार पाण्याने केल्प खंगलं आणि उत्तर कॅलिफोर्नियातली नव्वद टक्क्यांहून जास्त केल्पची जंगलं नाहीशी झाली. खायला काही न उरल्याने ॲबलोन ही मोठी समुद्री गोगलगाय उपासमारीने मेली आणि २०१८पासून तिची मासेमारी बंद आहे.

रोगाचं कारण २०२५ साली सापडलं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू. वॉशिंग्टन राज्यातल्याच फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत २०१९पासून सूर्यफूल तारामासे टाक्यांत वाढवले जात आहेत. आता जिवाणू ओळखीचा झाल्याने कोणती पिल्लं त्याला दाद देत नाहीत हे तपासता येईल. दरम्यान अर्चिन उपाशीपोटीही वर्षानुवर्षं तग धरून आहेत, आणि कॅलिफोर्नियाच्या काही खाड्यांमध्ये पाणबुडे ते हातांनी वेचून काढत आहेत.