कुंपणच शेत खाऊ नये म्हणून

उधना, लिंबायत, डिंडोलीच्या भाड्याच्या खोल्यांत ज्यांचा सुरतेतला संसार सुरू झाला, त्यांतील बऱ्याच कुटुंबांनी पुढे स्वतःचे रो-हाऊस किंवा छोटा बंगला बांधला. घर झाले की पाठोपाठ कुंपण आलेच. गावाकडे बाभळीचे काटे, शेर किंवा थोर लावून भागत असे. शहरात लाकडी फळ्यांचे कुंपण शोभून दिसते, आणि लाकडाचा व्यापारी खात्री देतो, "ट्रीटेड माल आहे, उधई लागणार नाही." हा 'ट्रीटेड' शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण सर्वांनीच जाणून घ्यायला हवे. शाळेच्या आवारात लाकूड वापरताना विश्वस्त मंडळालाही ही माहिती उपयोगी पडेल.

लाकूड कुठे कुजते?

लाकडाचे मुख्य शत्रू दोन : बुरशी आणि वाळवी, म्हणजे उधई. दोघांनाही ओल लागते. बुरशीला शिवाय हवाही लागते. म्हणून कुंपणाचा खांब बहुधा जमिनीच्या पातळीवरच आधी कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र मिळतात. सुरतेच्या आसपासची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि पावसाळा संपला तरी खांबाचे बूड ओलेच राहते. वाळवीही बहुतेक मातीतूनच वर चढते.

काही लाकडे जन्मतःच टिकाऊ असतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते आणि ते वाळवीला मानवत नाही. डांगच्या सागाची ख्याती त्यामुळेच. लाकडाचे नमुने जमिनीत पुरून ते किती काळ टिकतात, यावरून भारतीय मानकांत तीन वर्ग केले आहेत : सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारा पहिला, ६० ते १२० महिन्यांचा दुसरा आणि ६० महिन्यांच्या आतला तिसरा. साग पहिल्या वर्गात येतो. आंबा आणि चीड, म्हणजे आपले पाईन, तिसऱ्या वर्गात. मात्र हे वर्ग गाभ्याचे आहेत. सागाचा बाहेरचा फिकट पांढरा भाग लवकर किडतो, आणि कोवळ्या झाडाच्या सागात तोच भाग जास्त असतो. 'साग आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

दाबाखालची प्रक्रिया म्हणजे काय?

कमी टिकाऊ लाकडाला टिकाऊ करण्याचा मार्ग म्हणजे त्यात वाळवीला व बुरशीला मारक औषध भरणे. ब्रशने लावलेले औषध वरवर राहते, आणि लाकडाला चीर पडली की आतला भाग उघडा पडतो. दाबाच्या प्रक्रियेत वाळवलेले लाकूड पोलादी नळकांड्यात ठेवून आधी आतली हवा खेचून घेतात. मग औषधाचे पाणी सोडून, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दहा पट दाब देतात. लाकडाच्या नळ्यांतून हवा गेलेली असल्यामुळे औषध खोलवर शिरते. फिकट भाग हे औषध चांगले पितो. सागासारख्या कठीण गाभ्यात ते फारसे जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या विषयात आपल्या देशाचे नाव मोठे आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधून काढले. तांबे बुरशीला आवरते, आर्सेनिक कीटकांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाशी बांधून ठेवते, म्हणजे पावसाने ती सहज धुऊन जात नाहीत. हे मिश्रण पुढे जगभर गेले आणि काही दशके घरांची कुंपणे, ओटे आणि मुलांचे झोपाळे त्यानेच टिकवले.

पण आर्सेनिक म्हणजे सोमल. ते थोडे थोडे का होईना लाकडाच्या पृष्ठभागावर आणि खालच्या मातीत येते, आणि मुले हात तोंडात घालतात. ही काळजी वाढल्यावर अमेरिकेत २००३ अखेरपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे मिश्रण बंद करण्यात आले. युरोपनेही २००४ पासून त्यावर निर्बंध आणले. तिथे आधी उभी असलेली कुंपणे मात्र पाडायला लावली नाहीत. त्यांची जागा आर्सेनिक नसलेल्या, तांब्यावर आधारलेल्या औषधांनी घेतली. आपल्या मानकांत आर्सेनिकच्या जागी बोरॉन वापरलेले मिश्रणही आहे. मात्र बोरॉन पावसाने हळूहळू धुऊन जाते. नुसत्या बोरॅक्सची प्रक्रिया तर घराच्या आतल्या कोरड्या लाकडापुरतीच ठीक, कुंपणाला नव्हे.

खरेदीला जाताना

व्यापाऱ्याला चार प्रश्न विचारावेत.

पहिला : औषध कोणते? मुले खेळतात किंवा भाजीचा वाफा आहे, अशा ठिकाणी आर्सेनिकचे लाकूड नकोच. औषधाचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

दुसरा : माल जमिनीत गाडण्याचा की जमिनीच्या वर वापरायचा? औषधाचे प्रमाण त्यावर ठरते. उदाहरणार्थ, अमेरिकेत कामेसम यांच्या मिश्रणाचे प्रमाण जमिनीवरच्या लाकडासाठी घनमीटरला ४ किलो आणि जमिनीत जाणाऱ्यासाठी ६.४ किलो असे ठरवलेले होते. वर वापरायची फळी खांब म्हणून पुरली तर ती लवकर दगा देईल.

तिसरा : औषध किती खोल गेले? एक तुकडा समोर मधोमध कापून दाखवायला सांगावे. हिरवट छटा फक्त कागदाएवढ्या जाडीची दिसली तर तो वरवरचा हात आहे असे समजावे.

चौथा : ही प्रक्रिया औषधाची की उष्णतेची? परदेशातून आलेल्या खोक्यांच्या व पॅलेटच्या लाकडावर 'एचटी' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटे तापवले आहे. त्याने आतली कीड मरते, पण उद्या येणाऱ्या वाळवीला मज्जाव होत नाही. असे लाकूडही 'ट्रीटेड' म्हणून विकले जाऊ शकते.

उभारताना

आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो तो मार्ग असा : खांब सिमेंटचे किंवा लोखंडी आणि फक्त आडव्या-उभ्या फळ्या लाकडाच्या. फळी जमिनीपासून चार बोटे तरी वर राहू द्यावी. खांब लाकडीच हवा असेल तर बुडाशी खडी घालावी, म्हणजे पाणी निथळेल. खांबाचा माथा उतरता ठेवावा. कापलेले टोक खाली गाडू नये, वरच्या बाजूला ठेवावे आणि त्यावर औषधाचा ब्रश फिरवावा. तांब्याच्या औषधाने साधे खिळे लवकर गंजतात. जाड जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत. सुताराने हातमोजे आणि नाकावर मास्क लावावा, भुसा झाडून एकत्र करावा. घरी आर्सेनिकचे जुने कुंपण असेल तर दर वर्षा-दोन वर्षांनी त्यावर तेलाचा, लाकडात मुरणारा रंग द्यावा आणि मुलांना खेळून आल्यावर हात धुवायला लावावे.

उरलेले तुकडे

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. प्रक्रिया केलेल्या लाकडाचे तुकडे कधीही जाळू नयेत, मग चूल असो, पाणी तापवायचा बंब असो की थंडीतली शेकोटी. जळताना काही आर्सेनिक धुरातून पसरते आणि उरलेले राखेत साठून राहते. आपल्याकडे राख भांडी घासायला घेतात, झाडांच्या बुंध्याशीही टाकतात, म्हणून धोका दुप्पट. होळीसाठी लाकडे गोळा करणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावे. कुणाच्या कुंपणाच्या फळ्या पळवण्याची जुनी गंमत आता सोडून द्यावी, आणि मोठ्यांनीही अडगळीतले हिरवट तुकडे होळीला देऊ नयेत. ते वेगळे बांधून, आत काय आहे ते सांगून कचऱ्यात द्यावेत. त्यांचा भुसाही कंपोस्टमध्ये घालू नये.

राखणीसाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. लाकडाचे औषध वाळवीसाठी आहे. ते मुलांच्या हाताला आणि घरच्या चुलीला लागू नये, एवढी काळजी खरेदीच्या दिवशीच घेतली पाहिजे.