भोकाच्या पैशाची सावली
छोट्या संग्रहवस्तूंची छायाचित्रे आणि संगणकावरील स्मृतिवही

जुन्या पत्र्याच्या डब्यात अनेक घरांचा इतिहास पडून असतो. भोकाचा पैसा, नागमोडी कडांचे दहा पैसे, रेल्वेचे पुठ्ठ्याचे तिकीट, काडेपेटीवरचा छाप, शाळेचा बिल्ला, शिंपल्याची बटणे. बाजारात या वस्तूंना फारशी किंमत नसते. मात्र त्यांच्यामागची हकिकत सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत आणि वस्तूही चिरकाल टिकणाऱ्या नाहीत. दमट हवेत कागदाला बुरशी येते, कसर लागते, तांब्यावर हिरवा गंज चढतो. अशा वस्तूंची छायाचित्रे काढून, कौटुंबिक छायाचित्रांच्या जोडीने संगणकावर त्यांची पाने सजवणे, म्हणजेच डिजिटल स्क्रॅपबुक तयार करणे, हा या ठेव्याच्या जतनाचा सोपा मार्ग आहे.

या कामात बहुतेकांना एकच अडचण येते. वस्तूचे चित्र पानावर ठेवले की ते हवेत तरंगल्यासारखे किंवा निर्जीव दिसते. त्याची कारणे प्रकाश, प्रमाण, सावली आणि पोत या चार गोष्टींत दडलेली असतात.

आधी स्वच्छता नको

छायाचित्रासाठी नाणे चिंच किंवा पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. घासल्याने ती जाते, शिवाय पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मूल्य घटते. मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे आहे. नाणे नेहमी कडेला धरून उचलावे आणि तिकिटांना चिमटा वापरावा.

प्रकाश तिरका, पण एकाच बाजूचा

कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडतो. त्यामुळे नाण्यावरचा उठाव सपाट होतो आणि धातूवर पांढरा डाग उमटतो. त्याऐवजी, थेट ऊन येत नाही अशा खिडकीजवळ टेबल मांडावे. प्रकाश फार कडक वाटल्यास मध्ये बटर पेपर धरावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की काळ्या सावल्या सौम्य होतात. उजेड जितका खालच्या कोनातून येईल, तितकी अक्षरे उठून दिसतात. झिजलेल्या शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे वाचण्यासाठी हीच युक्ती उपयोगी पडते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. खालून प्रकाश पडलेल्या नाण्याचे चित्र पाहिले, तर उठावाचा मुकुट खोलगट कोरल्यासारखा भासतो. म्हणून सर्व वस्तूंची छायाचित्रे वर-डावीकडून प्रकाश घेऊन काढावीत आणि नंतर संगणकावर त्या फिरवू नयेत. चित्र फिरवले की त्यातला प्रकाशही फिरतो, आणि एकाच पानावर दोन सूर्य उगवल्यासारखे दिसते. नाणे तिरपे हवे असेल, तर ते टेबलावरच तिरपे ठेवून छायाचित्र घ्यावे.

अंतर आणि स्पष्टता

कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ, तितकी स्पष्ट दिसणारी खोली कमी. त्यामुळे बिल्ल्याची कड स्पष्ट आणि मध्य धूसर असा प्रकार होतो. साध्या कॅमेऱ्यात एफ ८ ते एफ ११ हे छिद्रमान ठेवावे. त्याहून बरेच लहान छिद्र केले, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारे चित्रच किंचित मऊ पडते. कॅमेरा तिवईवर, वस्तूला समांतर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हादरा टळतो.

मोबाइल वस्तूला चिकटवू नये. त्याची सावली पडते आणि कडा वाकतात. वीस-पंचवीस सेंटिमीटर वर धरून दुप्पट झूम करणे श्रेयस्कर. टपाल तिकिटे, काडेपेटीचे छाप, बसची तिकिटे अशा सपाट वस्तूंसाठी मात्र स्कॅनर उत्तम. ६०० डीपीआयवर स्कॅन केलेले तिकीट छपाईत दुप्पट मोठे करता येते. नाण्यांना स्कॅनर मानवत नाही. पातळ बांध्याच्या स्कॅनरना काचेपासून थोडे वर असलेले काही स्पष्ट दिसत नाही.

प्रमाणाचे गणित

प्रत्येक छायाचित्रात वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी. नंतर ती कापून टाकता येते. स्क्रॅपबुकचे प्रचलित पान १२ बाय १२ इंचांचे असते. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ते ३६०० बाय ३६०० पिक्सेलचे होते आणि त्यात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ११८ पिक्सेल. भोकाच्या पैशाचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळ आकारात तो अवघे २५० पिक्सेल व्यापतो. रेल्वेचे जुने पुठ्ठ्याचे तिकीट सुमारे ५७ मिलिमीटर लांब असे. दोन्ही एकाच प्रमाणात ठेवली तर पान खरे वाटते. पैसा तिकिटाएवढा झाला की डोळ्याला लगेच खटकते.

कापणी आणि सावली

गिंप या मोफत किंवा फोटोशॉपसारख्या सशुल्क प्रणालीत वस्तूची कड निवडून मागची जमीन काढून टाकावी. कड एक-दोन पिक्सेल आत घेतली, तर भोवती पांढरी रेघ राहत नाही. फाइल पीएनजी स्वरूपात जतन करावी. जेपीईजीमध्ये पारदर्शक भाग टिकत नाही. १९४३ ते १९४७ या काळातला पैसा असेल, तर त्याचे भोकही कापायला विसरू नये. महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई असताना काढलेले ते नाणे आहे. त्या भोकातून पानाचा कागद दिसला पाहिजे आणि भोकाच्या वर-डाव्या कडेची बारीक सावली आत पडली पाहिजे. एवढ्या एका तपशिलाने नाणे पानावर बसते.

सावलीची लांबी वस्तूच्या जाडीवर ठरते. प्रकाश ४५ अंशांतून येत असेल, तर सावली जाडीइतकीच लांब असते. दीड मिलिमीटर जाडीच्या नाण्याला सुमारे १८ पिक्सेलची सावली शोभते. टपाल तिकिटाची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे त्याला एका पिक्सेलची सावली पुरे. तयार आदेश वापरून दोघांनाही सारखीच सावली दिली, की तिकीट हवेत उडते. खरी सावली वस्तूलगत गडद व रेखीव असते आणि दूर जाताना विरत जाते. म्हणून दोन थर करावेत, एक अरुंद व गडद, दुसरा रुंद व फिका. रंग निव्वळ काळा न ठेवता पानाच्या रंगाचीच गडद छटा घेऊन थर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने मिसळावा.

पोत घरातूनच मिळतो

पार्श्वभूमीसाठी विकतच्या नक्ष्या घेण्याची गरज नाही. खादी, गोणपाट, हातकागद, जुन्या वहीचे पिवळे पान, सारवलेली जमीन यांची छायाचित्रे तिरक्या उजेडात काढली की त्यांचा पोत सुंदर उमटतो. मात्र येथेही मोजपट्टी हवी. गोणपाटाची वीण प्रमाणापेक्षा मोठी झाली, तर नाणे शर्टाच्या बटणाएवढे भासते. पोताचा थर ‘सॉफ्ट लाइट’ किंवा ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने, साधारण २० ते ३० टक्के तीव्रतेने ठेवावा. पोतातला प्रकाशही वर-डावीकडूनच आलेला असावा.

सजावट आणि नोंद यांतली रेषा

पोत पानाला द्यावा, वस्तूला नव्हे. नाण्यावर कृत्रिम गंज किंवा तिकिटावर खोट्या सुरकुत्या चढवल्या, तर पान देखणे होईल, पण उद्या नातवंडांना त्यातले खरे कोणते हे कळणार नाही. संस्करण न केलेली मूळ फाइल नेहमी वेगळी ठेवावी, आणि विक्रीसाठी वस्तू दाखवायची असेल तर तीच दाखवावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे यांसारख्या रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही मानाचे स्थान मिळाले आहे. घरातल्या डब्याकडेही त्याच आदराने पाहायला हवे.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. आज शाळेत जाणाऱ्या मुलांनी ती व्यवहारात कधी हाताळलेलीच नाहीत. म्हणून चित्राखाली दोन ओळी अवश्य लिहाव्यात : वस्तू कोणाची, कोठून आली, तिची हकिकत कोणी सांगितली. प्रकाश आणि सावली पुन्हा साधता येईल, पण ही माहिती देणारे माणूस घरात असेतोवरच विचारून घ्यायला हवे.