कळलावी : फूल देखणे, कंद घातक

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या ओलसर रानात, कोकणातल्या कुंपणांवर एक वेल लक्ष वेधून घेते. तिच्या फुलाला सहा नागमोडी पाकळ्या असतात. त्या मागे वळलेल्या असून सुरुवातीला हिरवट-पिवळ्या, मग लालभडक होतात. हीच कळलावी किंवा अग्निशिखा. गणपतीच्या माटोळीत ही फुले हौसेने बांधतात. मात्र हिचा सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, अत्यंत विषारी आहे.

फूल नसतानाही ही वेल ओळखता येते. पानाचे टोक निरखावे. ते लांबट होऊन स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. पानाला देठ जवळजवळ नसतो. करांद्याची वेल आधाराला स्वतःच वेढे घालते. तिचे पान रुंद, हृदयाकृती, लांब देठाचे असते व टोकाला असा आकडा नसतो.

खरा धोका दिवाळीनंतर असतो. तेव्हा वेल वाळून जाते आणि जमिनीत फक्त कंद उरतो. तो दोन फाट्यांचा, नांगरासारखा असतो. म्हणूनच संस्कृतात हिला 'लांगली' म्हणतात. तुटलेला तुकडा रताळे किंवा रानकंद वाटून खाल्ला जाऊ शकतो. म्हणून खाण्याच्या कंदाची जागा पावसाळ्यात, वेल हिरवी असतानाच, खूण करून ठेवावी. वेल न पाहिलेला कंद चुलीवर चढवू नये.

कंदातील कोल्चिसिन हे विष शिजवल्याने जात नाही. संधिवाताच्या एका प्रकारावर हेच द्रव्य डॉक्टर अगदी मोजक्या मात्रेत देतात. घरी असा प्रयोग जिवावर बेतू शकतो. प्रसूतीच्या कळा येण्यासाठी कंदाचा लेप देण्याची जुनी समजूतही सोडून द्यावी.

कंद पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. पुढे रक्तदाब घसरतो, मूत्रपिंड व रक्तपेशींवर परिणाम होतो. एक-दोन आठवड्यांनी केसही गळतात. जुलाब थांबले म्हणजे धोका टळला, असे समजू नये. लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उरलेला कंद मात्र सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.