सात सुयांऐवजी एक

आयव्हीएफ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतली काचेची नळी येते. जिनं ही ट्रीटमेंट घेतली आहे तिला विचारा, तिला आधी घरातला फ्रिज आठवतो. लोणच्याच्या बरणीमागे सरकवून ठेवलेला इंजेक्शनांचा डबा, आणि रोज ठरलेल्या वेळी बेडरूमचं दार लावून पोटावर टोचायची सुई. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात होते आणि साधारण नऊ ते बारा दिवस हे चालतं.

या सुयांपैकी पहिल्या सात एकाच इंजेक्शनात बसवता येतात, असं एक औषध 2010 पासून युरोपात वापरात आहे. त्याचं नाव कॉरिफॉलिट्रॉपिन अल्फा, कंपनीनं दिलेलं नाव इलोन्वा. आदिलाबादसारख्या ठिकाणी राहणाऱ्या जोडप्याला हे ऐकून पहिल्यांदा वाटेल की चला, निम्मं काम झालं. तसं ते नाही. नक्की किती काम होतं, तेच मला इथे लिहायचंय.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधली आहे. पण या इंजेक्शनामागची कल्पना इंजिनिअरला आवडावी अशीच आहे.

दर महिन्याला अंडाशयात बरीच फॉलिकल्स, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या पाण्याच्या छोट्या पिशव्या, वाढायला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच नावाचं संप्रेरक त्यांना वाढवतं. थोड्या दिवसांनी ते कमी होतं, त्यात एकच फॉलिकल तगतं आणि बाकीची सुकून जातात. आयव्हीएफमध्ये डॉक्टरांना एकाहून जास्त स्त्रीबीजं हवी असतात. म्हणून बाहेरून एफएसएच देऊन पातळी खाली येऊ द्यायची नाही, की जी सुकली असती तीही वाढतात. अडचण एवढीच, की टोचलेलं एफएसएच रक्तात फार टिकत नाही. साधारण दीड दिवसात निम्मं होतं. म्हणून रोज सुई.

हे औषध पूर्वी यायचं कुठून, ते वाचून मी चाट पडले होते. पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीत ही संप्रेरकं भरपूर असतात. इटलीत पिएरो डोनिनी या रसायनशास्त्रज्ञानं ती वेगळी काढली, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर लघवी मिळवायला कंपनीनं मठांमधल्या वृद्ध नन्सची मदत घेतली. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलेल्या बायकांमुळे किती घरांत पाळणे हलले असतील!

आपल्या देशाचा या कथेत मोठा आणि दुखरा वाटा आहे. 25 जुलै 1978 ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, ती नैसर्गिक पाळीतल्या एकाच स्त्रीबीजापासून. त्यानंतर 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. मुखर्जींनी मात्र संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन अंडाशय उद्दीपित केलं होतं. पुढे जगभर हाच रस्ता रूढ झाला. मुखर्जींवर कोणी विश्वास ठेवला नाही, सरकारी समितीनं त्यांचा दावा फेटाळला आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, तेव्हा देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचंच नाव झालं. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. या आनंद कुमारांनीच पुढे मुखर्जींची टिपणं अभ्यासली आणि 1997 मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडवर आपलं नाव लावणारे बघितले, की मला हा माणूस आठवतो.

1990 च्या दशकात एफएसएच प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये बनू लागलं आणि लघवीची गरज संपत गेली. तरी सुई रोजचीच राहिली. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे संशोधक आयर्विंग बॉइम यांच्या गटानं तोडगा निसर्गातूनच उचलला. गर्भारपणात तयार होणारं एचसीजी हे संप्रेरक रक्तात जास्त काळ टिकतं, कारण त्याच्या टोकाला 28 अमिनो आम्लांची एक शेपटी असते. 1992 मध्ये त्यांनी ती शेपटी एफएसएचला जोडून दाखवली. काम तेच, फक्त शरीराबाहेर जायला जास्त वेळ. दीड दिवसाऐवजी जवळजवळ तीन दिवसांनी निम्मं होतं, आणि एका डोसवर आठवडा निघतो. या औषधानंतरच्या पहिल्या बाळाची नोंद 2003 मध्ये प्रसिद्ध झाली.

मग गर्भ राहण्याची शक्यता वाढली का? नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एंगेज नावाच्या मोठ्या चाचणीत 1506 स्त्रिया होत्या. लांबट इंजेक्शन घेतलेल्यांत पुढे टिकून राहिलेल्या गर्भधारणेचं प्रमाण 38.9 टक्के, रोजच्या इंजेक्शनवाल्यांत 38.1 टक्के. म्हणजे सारखंच. कोणी याची ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून जाहिरात केली, तर हे दोन आकडे पुढे करावेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आदिलाबादहून नागपूर दोनशेच्या आसपास किलोमीटर, हैदराबाद तीनशे. पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत नागपूर गाठणं आपल्याकडच्या मराठी घरांना जास्त सवयीचं. माझ्या एका मावसबहिणीची ट्रीटमेंट नागपूरलाच झाली, रोजच्या इंजेक्शनांची. तिनं नाव न लिहिण्याच्या बोलीवर लिहू दिलं आहे. सुईचं तिला काही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, ‘अगं, तिसऱ्या दिवसापासून आपलं आपणच टोचतो, डास चावल्यासारखं होतं.’ तिला त्रास झाला तो लपवण्याचा. एकत्र घर, एकच फ्रिज, आणि शेजारच्या तेलुगू आक्का बर्फ मागायला आल्या की त्याच फ्रिजचं दार उघडणार. मे महिना होता, बाहेर पारा चाळिशीच्या वर. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, आणि वीज गेली की हिचा जीव वरखाली. सोनोग्राफीला जायच्या दिवशी पहाटे निघायचं आणि सांगायचं काय, तर नातलगाकडे काम आहे.

एका इंजेक्शनानं यातला फ्रिजचा प्रश्न बराचसा सुटतो. ते दवाखान्यातच घेऊन परत येता येतं. प्रवास मात्र फारसे कमी होत नाहीत. फॉलिकल्स किती वाढली हे सोनोग्राफीत बघावंच लागतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून वेळेआधी स्त्रीबीज सुटू नये म्हणून वेगळं इंजेक्शन सुरू होतं, ते रोजचंच असतं. आठव्या दिवसानंतरही फॉलिकल्स लहान असतील तर नेहमीचं एफएसएच पुन्हा रोज घ्यावं लागतं. एंगेज चाचणीत साधारण एक तृतीयांश स्त्रियांना त्याची गरज पडली नाही, बाकीच्यांना पडली. शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन तर घड्याळ लावूनच घ्यायचं, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी स्त्रीबीजं काढतात. त्या वेळी हायवेवर अडकून चालत नाही.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोजच्या इंजेक्शनात पाचव्या दिवशी सोनोग्राफी बघून डॉक्टर डोस वाढवू शकतात, कमी करू शकतात. लांबट इंजेक्शन एकदा गेलं की गेलं, त्यातला अर्धा डोस परत काढता येत नाही. आमच्या कामात ज्या बदलाला मागे फिरता येत नाही, तो करण्याआधी दहादा तपासतात. इथे ती तपासणी म्हणजे वय, वजन, एएमएचची रक्तचाचणी आणि सोनोग्राफीत मोजलेली सुरुवातीची फॉलिकल्स. ज्यांना पीसीओएस आहे, किंवा सुरुवातीच्याच सोनोग्राफीत वीसहून जास्त फॉलिकल्स दिसतात, त्यांना हे औषध द्यायचं नसतं. पूर्वी अशा उपचारात अंडाशय अति उद्दीपित झालं असेल तरीही नाही. आपल्या मैत्रिणींमध्ये पीसीओएस किती जणींना आहे हे वेगळं सांगायला नको.

अति उद्दीपनात अंडाशय सुजतं, पोटात पाणी साठतं. पोट ताणून फुगणं, सतत उलट्या, लघवी कमी होणं, दम लागणं, एक-दोन दिवसांत वजन झपाट्यानं वाढणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. नागपूर-हैदराबादला असलेल्यांपेक्षा आपल्याकडच्यांनी याची तयारी आधी करायला हवी. ज्या डॉक्टरांकडे ट्रीटमेंट आहे त्यांचा रात्रीचा नंबर, आदिलाबादमध्ये रात्री कुठे दाखवायचं त्याचं ठिकाण, आणि काय-काय दिलं आहे त्याचा कागद, तिन्ही जवळ हवं. मावसबहिणीनं दुसऱ्या वेळी सरळ नागपुरात दहा दिवस खोली घेतली. घरी ‘ट्रेनिंग’ सांगितलं. महाग पडलं, पण झोप लागायची म्हणाली.

नवऱ्याची तपासणी आधी करून घ्या, हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि तिला सुई लागत नाही. तरी कितीतरी घरांत बाईच्या दोन-तीन सोनोग्राफ्या होऊन जातात आणि मग कुणाला तरी त्याची आठवण होते.

दवाखाना निवडताना नोंदणी बघा. 2021 चा एआरटी कायदा जानेवारी 2022 मध्ये लागू झाला, तेव्हापासून नोंदणीशिवाय आयव्हीएफ केंद्र चालवता येत नाही. प्रमाणपत्र लोकांना दिसेल असं लावायचं असतं. रिसेप्शनच्या भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो खूप असतात, त्यांच्या मधे ते कुठे आहे ते शोधा. नाही सापडलं तर विचारा, आणि विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.